विद्यार्थ्याचे दप्तर

(मुलांच्या व मुलींच्या शासकीय वसतिगृहांतील महाविद्यालयीन आणि विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या एकत्रित मेळाव्यात, नव्या सत्राच्या आरंभी, एका माहिती अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजच्या मेळाव्यात मी ‘अभ्यासाचे नियोजन’ या विषयावर बोलावे, असे गृहपालांनी मला सुचविले, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी गुणवत्ता यादीत झळकलेला विद्यार्थी नव्हतो. कला शाखेचा, द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झालेला एक साधा पदवीधर आहे. परंतु गेली वीस वर्षे मी शासकीय कार्यालयात बसून कागद हाताळीत आहे, आणि या कागदांनी मला जे शिकविले ते महाविद्यालयात असताना कोणी शिकविले असते तर फार बरे झाले असते, असे मला वारंवार वाटत आले आहे. तेवढ्याच आधारावर आज आपल्यापुढे उभा आहे.

आपल्या भाषेत ‘दप्तर’ हा एक मोठा मजेदार शब्द आहे. मूळचा तो फारसी. शाळेत जाणारे पोर पाठीवर टाकते ते दप्तर, आणि कचेरीतील कागदपत्रांचा संग्रह तेही दप्तरच. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड रियासतकार सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० नंतरच्या काही वर्षांत प्रसिद्ध झाले. दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे हिशेब आणि पत्रे सापडू शकली, ती कोणा कारकुनाने त्या त्या वेळी रुमालात नीट बांधून ठेवली म्हणून. शाळेचे दप्तर आपण सर्वांनी वाहिले. कचेरीच्या अर्थाचे दप्तर मात्र विद्यार्थिदशेत आपण कोणीच ठेवीत नाही. माझे आजचे सगळे बोलणे या दुसऱ्या दप्तराविषयी आहे.

प्रथम माझीच एक हकीकत सांगतो. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मला फीची सवलत मिळण्यासारखी होती. अर्जाची शेवटची तारीख सूचनाफलकावर लागलेली होती आणि मी त्या फलकासमोरून रोज ये-जा करीत होतो. तारीख मला पाठ होती. अडचण अशी झाली, की अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागणार होता. दाखल्यासाठी तहसील कचेरीत जावे लागणार होते, आणि त्याआधी गावी जाऊन तलाठ्याचा अहवाल घ्यावा लागणार होता. शेवटच्या तारखेला चार दिवस राहिले असताना मी एस. टी. पकडून गावी गेलो. तलाठी दुसऱ्या गावी पंचनाम्याला गेलेले. ते परतले दोन दिवसांनी, आणि त्यानंतर रविवार आला. कोणी माझी अडवणूक केली नव्हती. ज्याचे त्याचे काम जो तो करीत होता. दाखला माझ्या हाती पडला तेव्हा मुदत उलटून तीन दिवस झाले होते.

रक्कम आज ऐकाल तर हसाल. आमच्या घरी तेव्हा ती हसण्यासारखी नव्हती. वडिलांनी मला एका शब्दानेही विचारले नाही. पुढच्या सुगीवर त्यांनी गावातल्या आडत्याकडून उचल घेतली, हे मला आईकडून कळले, तेही नोकरीला लागल्यानंतर. उचल घेतली म्हणजे माल त्याच्याच दुकानी, तो म्हणेल त्या भावाने घालावा लागतो. त्या वर्षी बाजारात भाव बरा होता, असे ती म्हणाली.

या समोर बसलेल्या मंडळींपैकी अनेकांच्या घरी विद्यापीठाची पायरी चढणारे तुम्ही पहिलेच आहात. ‘अमुक कागद आतापासून काढून ठेव’ असे सांगणारे थोरले भावंड घरात नाही. आपल्यासारखी मुले बुद्धीच्या कमतरतेने मागे पडतात त्याहून अधिक वेळा ती एखाद्या तारखेने, एखाद्या दाखल्याने, वेळेवर न दिलेल्या एखाद्या स्वाध्यायाने मागे पडतात, असे माझे निरीक्षण आहे. परीक्षेच्या निकालात या कारणाचा उल्लेख कोठेही येत नाही.

आता कामाचा आकार पाहू. काम केवढे आहे हे ठाऊक नसताना नियोजन कसले करणार? २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाकाठी १२०० तासांचे अध्ययन आणि त्याबद्दल ४० श्रेयांक, म्हणजे तुमच्या बोलण्यातील क्रेडिट, असा हिशेब धरलेला आहे. एका सत्राचे झाले ६०० तास. सत्रातील अध्यापनाचे आठवडे पंधरा धरले, तर आठवड्याला ४० तास पडतात. कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या आठवड्याएवढेच हे काम आहे. प्रात्यक्षिके नसलेल्या विषयांत एका श्रेयांकाला सत्रात साधारण पंधरा तासिका होतात, म्हणजे २० श्रेयांकांच्या ३०० तासिका. उरलेले ३०० तास कोणी घंटा वाजवून भरवून घेत नाही. ते तुमचे तुम्ही भरावयाचे असतात. रोज तीन तासांच्या आतबाहेर भरले तर सत्र सुखाने पार पडते. तेच ३०० तास परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत भरू म्हटले, तर रोज चौदा तासांहून अधिक बसावे लागेल. आमच्या वेळी हा हिशेब कोणी फळ्यावर मांडला नव्हता. तुमच्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक २२ असतील किंवा प्रात्यक्षिके अधिक असतील, तर आकडे बदलून घ्या. गणित तेच राहील.

काम एवढे असेल तर ते डोक्यात मावणार नाही, हे उघड आहे. महसूल खात्यात कागद लावण्याची एक जुनी रीत आहे. तिला ‘सहा गठ्ठा पद्धत’ म्हणतात. सरकारी कचेऱ्यांतील दिरंगाईवर विनोद करण्याची आपल्याकडे प्रथा आहे, आणि त्यातले पुष्कळ विनोद खरेही आहेत. तरीही ही पद्धत ज्या टेबलावर प्रामाणिकपणे पाळली जाते, तेथे मागितलेला कागद दोन मिनिटांत पुढे येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. चालू प्रकरणांचा एक गठ्ठा, प्रतीक्षाधीन प्रकरणांचा दुसरा, ठरावीक मुदतीने पाठवायच्या नियतकालिक विवरणांचा तिसरा, स्थायी आदेशांचा चौथा, अभिलेख कक्षाकडे पाठवायच्या कागदांचा पाचवा आणि ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे नष्ट करावयाच्या कागदांचा सहावा. विद्यार्थ्याला सहा धारिका विकत घेण्याची गरज नाही. दोन साध्या धारिका आणि एक दोनशेपानी वही पुरे. विभागणी मात्र हीच ठेवा.

यातील चालू गठ्ठा तुम्हांला समजावून सांगायला नको. या आठवड्यात जे करायचे ते त्यात. नियतकालिकेही सोपी आहेत. अंतर्गत मूल्यमापन, चाचण्या, परीक्षेचा अर्ज, वसतिगृहाचे नूतनीकरण, ही दर सत्राला येणारच असतात. तरी ती दर सत्राला अचानक आल्यासारखी वाटतात, हे नवल आहे. सत्राच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्या तारखा वहीच्या पहिल्या पानावर उतरून घ्या. तारीख लागली नसेल तर गेल्या वर्षीची लिहा आणि पुढे प्रश्नचिन्ह घाला.

माझा जीव खरा अडकतो तो प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात. आपण आपले काम करून टाकलेले असते आणि चेंडू दुसऱ्याच्या अंगणात असतो, अशी ही प्रकरणे. जात वैधता प्रमाणपत्राचा प्रस्ताव समितीकडे गेला आहे. महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला आहे, परंतु महाविद्यालयाच्या स्तरावर तो पडताळणीत आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांना प्रकल्पाचा आराखडा वाचावयास दिला आहे. ‘मी तर अर्ज केला’ असे म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो, आणि येथेच घात होतो. अर्जात त्रुटी निघून तो परत पाठविलेला असतो. तुमच्या लॉगिनवर तो आठ-आठ दिवस पडून राहतो आणि तुम्ही तिकडे फिरकलेले नसता. कित्येकदा सर्व मंजूर होते, आणि बँक खाते आधार क्रमांकाशी जोडलेले नसल्यामुळे पैसे तेवढे येत नाहीत. कचेरीत प्रतीक्षाधीन प्रकरणावर आम्ही पुढील तारीख टाकतो. त्या तारखेला उत्तर आले नसेल तर स्मरणपत्र जाते. तुम्हीही प्रत्येक प्रकरणापुढे एक तारीख लिहा. त्या दिवशी संकेतस्थळ उघडा किंवा त्या माणसाला नम्रपणे भेटा. प्राध्यापकांना आठवण करून देणे हा उद्धटपणा आहे, असे आपल्याकडील मुलांना वाटते. वेळेवर आणि नीट शब्दांत दिलेल्या आठवणीने कोणी रागावल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

स्थायी आदेशांच्या गठ्ठ्यात विद्यार्थ्याने आपली मूळ कागदपत्रे ठेवावीत. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, अधिवास, कायम नोंदणी क्रमांक, आणि २०२१ पासून सुरू झालेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समधील आपला क्रमांक. प्रत्येकाच्या तीन छायाप्रती करून ठेवा आणि मूळ कागद कोणाच्याही हाती सहज देऊ नका. याच गठ्ठ्यात प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम आणि गुणांची विभागणी ठेवावी. सत्र अर्धे संपले तरी आपल्या विषयाचा छापील अभ्यासक्रम ज्यांनी पाहिलेला नाही, असे पदवीधर होऊ घातलेले तरुण मला दरवर्षी भेटतात. रस्ता न विचारता प्रवासाला निघण्याचे हे धाडस माझ्यापाशी नाही.

पाचव्या गठ्ठ्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. संपलेल्या सत्राचे कागद बांधून वर ठेवा. सहाव्याविषयी मात्र आग्रह आहे. कोणाकडून तरी आणलेल्या, कधीही न वाचलेल्या टिपणांच्या छायाप्रती आपण उशाशी रचून ठेवतो, आणि भ्रमणध्वनीत शेकडो पृष्ठे साठवून ठेवतो. ती जवळ असल्याने अभ्यास झाल्यासारखे वाटते. वर्षातून दोनदा त्यांतले नको ते काढून टाका.

आता अंदाजांविषयी. कॅनडातील ब्युहलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला फार उद्बोधक वाटतो. पदवीचा प्रबंध लिहीत असलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारले, तुमचा प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? उत्तरांची सरासरी आली सुमारे ३४ दिवस. पुढे विचारले, सगळेच बिघडत गेले तर किती लागतील? सरासरी आली सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले साडेपंचावन्न. म्हणजे अत्यंत वाईट स्थिती मनात धरून केलेला अंदाजही कमीच पडला. ही खोड केवळ विद्यार्थ्यांची नाही. आमच्या प्रदर्शनाचे फलक ‘दोन दिवसांत’ होणार असे सांगणारे कंत्राटदार आणि त्यावर विश्वास ठेवणारे आम्ही, यांना ती चांगलीच ठाऊक आहे. म्हणून आपल्या अंदाजाची किमान दीडपट करावी. आणि मोजणी शेवटच्या तारखेपासून उलटी करावी. अर्ज ३० तारखेला द्यायचा तर दाखला २० पर्यंत हाती हवा, त्यासाठी तहसिलात ५ तारखेला जायला हवे, आणि गावी त्याच्या आधीच्या शनिवारी. माझी दुसऱ्या वर्षाची तारीख ३० नव्हतीच. ती त्या आधीच्या कुठल्याशा शनिवारी येऊन निघून गेली होती.

मुदतीचा विचार निघाला, की मला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेची आठवण होते. त्यांच्या अफाट वाचनाच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मला त्यांच्या तारखा अधिक काही शिकवतात. १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ती तीन वर्षांपुरती होती. १९१५ मध्ये त्यांनी एम. ए. केले आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपल्याने त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. त्यांची पुस्तके दुसऱ्या बोटीने येत होती, ती बोट शत्रूने बुडविली. एवढे होऊनही एक गोष्ट त्यांनी केली होती. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवूनच त्यांनी लंडन सोडले होते. मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांचे आणि मित्राचे साहाय्य घेतले आणि १९२० मध्ये, मुदतीच्या आत, ते लंडनला पोहोचले. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली. पैसा नव्हता, पुस्तके समुद्रात गेली होती, परंतु परत येण्याचा रस्ता त्यांनी राखून ठेवला होता. आपल्यापैकी कोणाला घरच्या अडचणीमुळे सत्र सोडावे लागलेच, तर गावी निघण्यापूर्वी महाविद्यालयाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, परत कधी आणि कोणत्या नियमाने येता येईल ते विचारून घ्या. न सांगता गेलेली मुले सहसा परत येत नाहीत.

प्रत्यक्ष अभ्यासाविषयी एकच गोष्ट सांगतो, कारण ती मला फार उशिरा कळली. आम्ही पाठ तीन-चारदा वाचीत असू आणि वाचताना ओळखीचा वाटला की तो आला असे समजत असू. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये या समजुतीची परीक्षा घेतली. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी तो एकदा वाचून, मिटून, आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचणारे थोडे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होते आणि लिहून पाहणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही. तेव्हा वाचून झाले की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर लिहून पाहा. लिहिता येत नाही म्हणून वाईट वाटेल, ते वाटू द्या. जे आठवले नाही तेवढेच पुन्हा वाचायचे असते, म्हणजे वेळही वाचतो.

भ्रमणध्वनीवर मी व्याख्यान देणार नाही. माझ्या खिशात तो आहे आणि या भाषणाच्या तयारीत त्याने मलाही पुष्कळ छळले. अभ्यासिकेत जाताना तो खोलीत ठेवून जावे, एवढाच उपाय मला साधला आहे. उलटा करून टेबलावर ठेवण्याचा उपयोग होत नाही.

आणि निवांत जागा, निवांत वेळ मिळाल्यावर अभ्यास करू, या आशेवर राहू नका. थोर गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना पुण्याहून मुंबईला डेक्कन क्वीनने ये-जा करीत. एस. टी.च्या खिडकीशी बसून वही उघडता येत नसेल, पण काल वाचलेले मनात उजळता येते. येथे बसलेल्या काही मुली सुटीत घरी गेल्या की चूल आणि धाकटी भावंडे त्यांची वाट पाहत असतात, हे मला ठाऊक आहे. काही मुले ‘कमवा व शिका’ योजनेत काम करतात, काही रात्री दुकानात हिशेब लिहितात. त्यांनी दुसऱ्याचे वेळापत्रक भिंतीवर लावू नये. आपल्याला खरोखर मिळतात तेवढे तास मोजावेत, आणि आठवड्यातील एक संध्याकाळ मुद्दाम कोरी ठेवावी. त्या आठवड्यात जे कोलमडेल ते त्या संध्याकाळी भरून काढायचे. रंगीत पेन्सिलींनी आखलेली, पहाटे चारपासूनची वेळापत्रके मी पुष्कळ पाहिली आहेत, काही स्वतः आखलीही आहेत. ती तिसऱ्या दिवशी मोडतात, आणि चौथ्या दिवसापासून विद्यार्थी स्वतःलाच नालायक ठरवू लागतो. वेळापत्रक मोडले तर दोष वेळापत्रकाचा धरा आणि नवे करा. झोपेच्या तासांना मात्र हात लावू नका.

वही उघडण्याचा वार ठरवून घ्या. मी रविवारी सकाळी, आंघोळीनंतर अर्धा तास घेतो. कोणती प्रकरणे संपली, कोणती प्रतीक्षेत आहेत, पुढच्या आठवड्यात काय येते आहे, एवढेच पाहायचे असते. कधी कधी त्यात दहाच मिनिटे जातात.

गृहपालांनी मला नऊ वाजेपर्यंतचा वेळ दिला आहे आणि तो होत आला. बाहेरच्या टेबलावर या वर्षीच्या शिष्यवृत्ती योजनांची आणि लागणाऱ्या कागदांची यादी ठेवलेली आहे. ती भ्रमणध्वनीत टिपून न घेता वहीत उतरून घ्यावी. ज्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचे किंवा जात पडताळणीचे काम अडलेले आहे, त्यांनी जेवणानंतर येथेच थांबावे. माझ्याबरोबर तहसील कचेरीतील एक सहकारी आलेले आहेत, आणि आम्हांला शेवटची गाडी साडेदहाची आहे.